मुगुदासाच्या गावात एक दिवस

पहाटे साडेपाच

श्रावणातला शनिवार. गंगापूर धरणातून रात्री पाणी सोडलंय, त्यामुळे रामकुंडाच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. पाणी गढूळ आहे, त्याला ओढ आहे. तरी काठावर गर्दी आहेच. कुणी सचैल स्नान करतंय, कुणी तांब्याने अंगावर पाणी घेतंय, फुलवाल्या मावश्यांनी द्रोण मांडलेत.

जुनं नाशिक पायी फिरून दाखवणं हे माझं काम. आज सोबत कॉलेजातली मुलंमुली आहेत. 2027 च्या सिंहस्थात लाखो माणसं या गावात येतील, त्यांना वाट दाखवण्याची तयारी ही मुलं आत्तापासून करताहेत. रामायणातल्या कथा त्यांना घरूनच माहीत असतात, त्या मी पुन्हा सांगत नाही. निघताना एवढंच सांगते, की आज दिवसभर नावं शोधायची. कुणी बांधलं, कुणी दिलं, कुणासाठी दिलं आणि ते कुठे लिहून ठेवलं. माझ्या मते नाशिकचा खरा वारसा हा आहे. या गावाने दोन हजार वर्षं माणसांची नावं लिहून ठेवली, आणि ती फक्त राजांची ठेवली नाहीत.

सुरुवात पायाखालच्या दगडापासून करतो. रामकुंड बांधलं 1696 मध्ये, खटावच्या चित्रराव खटावकरांनी. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. वरच्या अंगाला कपालेश्वर आहे, ज्याच्यासमोर नंदी नाही. तिथली कथा मुलांनीच मला सांगितली. ती सांगताना त्यांचे चेहरे उजळतात, म्हणून ती मी त्यांच्याकडूनच ऐकते.

पावणेसात

दुतोंड्या मारुतीपाशी थांबलो. घाटावर उभी असलेली ही उंच मूर्ती नाशिककरांची पूरमापक पट्टी आहे. पाणी मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही भाषा भांडीबाजारातल्या आणि सराफ बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला कळते. कमरेच्या वर गेलं की माल वर हलवायचा. 1969 आणि 2008 चे पूर ज्यांनी पाहिले, ते आजही पाण्याची उंची फुटात सांगत नाहीत, मारुतीवर हात ठेवून सांगतात. आज पाणी पायांच्या खालीच आहे.

पलीकडे नारोशंकराचं देऊळ. खरं तर ते रामेश्वराचं मंदिर, पण गावाने बांधणाऱ्याचंच नाव देवळाला देऊन टाकलं. नारोशंकर राजेबहादूर यांनी 1747 मध्ये ते बांधलं. दर्शनी कोटावरची मोठी घंटा पोर्तुगीजांची आहे, तिच्यावर 1721 साल आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. लिस्बनच्या राजाच्या मुलखातली घंटा गोदावरीच्या काठी शंकराच्या दारात लागली. मुलं मान वर करून साल वाचण्याचा प्रयत्न करतात, खालून ते दिसत नाही. दिसत नसलं तरी तिथे ते आहे हे त्यांना कळलं, की पुढचा दिवस सोपा जातो. डोळे आपोआप कोपरे शोधू लागतात.

आठ

पंचवटीतल्या एका तीर्थोपाध्यायांच्या घरी आलो. गुरुजींना आधी कळवलेलं असतं, तरी आपण त्यांच्या कामाच्या वेळी येतो हे भान ठेवावं लागतं. ओसरीवर धुळ्याकडचं एक कुटुंब बसलं होतं. वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले दोघे भाऊ, त्यांच्या बायका, एक नातू. मुलांना मी भिंतीलगत बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं.

गुरुजींनी विचारलं, "मूळ गाव?" भावांनी हल्लीचं सांगितलं. "ते नाही. आजोबा कुठून आले होते?" मोठ्या भावाने तापीकाठच्या एका खेड्याचं नाव घेतलं. गुरुजी आत गेले आणि लाल कापडात बांधलेली वही घेऊन आले. या वह्यांना नामावली म्हणतात. देशभरातून नाशिकला येणाऱ्या यजमानांची घराणी गाव आणि आडनाव यांप्रमाणे उपाध्यायांकडे वाटलेली असतात. कोण आलं, कधी आलं, कुणाच्या कार्यासाठी आलं, सोबत कोण होतं, मागे किती भाऊ, त्यांची मुलं कोण, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं जातं. जुनी पानं मोडी लिपीत आहेत. बोरूने लिहिलेली ती अक्षरं अजून काळीभोर आहेत.

गुरुजींचे थोरले चिरंजीव मोडी वाचतात, पण एका पानावर ते अडले. वही माझ्याकडे सरकवली. "ताई, हे बघा बरं." मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, हात न उचलता ओळ पुढे जाते. त्यामुळे आधी ओळखीचं अक्षर पकडायचं आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकायचं. गावाचं नाव लागलं. मग "मातोश्री" लागलं. मग तिचं नाव. दोघा भावांच्या पणजीचं नाव घरात कुणाला माहीत नव्हतं, ते इथे होतं. तिच्या अस्थी घेऊन तिचा मुलगा बैलगाडीने किंवा पायी इथवर आला असेल, त्याने खाली सही केली होती. धाकटा भाऊ ती सही बराच वेळ पाहत राहिला, मग त्याने खिशातून मोबाईल काढला आणि विचारलं, "फोटो काढला तर चालेल का?" गुरुजी म्हणाले, "तुमचंच पान आहे. काढा."

मग आजची नोंद झाली, बॉलपेनने, देवनागरीत. भावांची नावं, सुनांची, नातवंडांची. गुरुजींनी मान वर न करता विचारलं, "लेकींची सांगा. त्या कुठे दिल्यात?" तीही लिहिली गेली. शेवटी मोबाईल नंबर.

बाहेर आल्यावर एका मुलीने विचारलं, की हे सगळं स्कॅन का करत नाहीत. काही घरांत तसं सुरूही झालंय. पण ही वही गुरुजींच्या दृष्टीने उपजीविका आहे, आणि यजमानांच्या दृष्टीने घरातली गोष्ट आहे. ती उघड्यावर मांडायची की नाही हे त्या दोघांनी ठरवायचं. आपल्या हातात एक काम नक्की आहे. मोडी शिकणं. वाचणारा माणूस राहिला नाही, तर स्कॅन केलेलं पानही बंदच.

साडेनऊ

काळाराम मंदिर. रामशेजच्या डोंगरातून आणलेल्या काळ्या दगडाचं हे देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. 1782 च्या सुमारास काम सुरू झालं, बारा वर्षं चाललं, दोन हजार माणसं खपली असं जुनं गॅझेटियर सांगतं. ओढेकरांचं नाव राहिलं. दोन हजारांतलं एकही राहिलं नाही. चौफेर ओवऱ्यांची ही प्रशस्त जागा पाहताना मला दर वेळी त्या पाथरवटांचं काहीतरी शोधावंसं वाटतं. काही दगडांवर छिन्नीच्या घावांचा वेग वेगळा दिसतो, म्हणजे हात वेगळा. त्यापलीकडे काही नाही.

पूर्वेच्या दाराशी मात्र मी जास्त वेळ थांबते. 2 मार्च 1930 या दिवशी, दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या देवळाकडे शिस्तीत चालत आली. दारं बंद करण्यात आली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्यासह सत्याग्रही चारही दारांशी बसून राहिले. त्यात बायका होत्या, खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेली कुटुंबं होती. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. लढा पुढे पाच वर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. 1935 मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात, 13 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं.

हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही. काही पाहुण्यांना वाटतं, की देवळाच्या आवारात हे कशाला. मला वाटतं, इथेच सांगायला हवं. नाशिकच्या वारशाची सगळ्यात अलीकडची मोठी तारीख हीच आहे, आणि जगभरातून माणसं ती जागा पाहायला इथे येतात. एका मुलाने विचारलं, "मॅडम, त्या आधी कधीच सगळ्यांना जागा नव्हती का?" त्याला म्हटलं, थांब. दोन तासांत तुला एक नाव दाखवते.

साडेअकरा

मुंबई-आग्रा रस्त्याने आठेक किलोमीटर. त्रिरश्मी डोंगर, लोकांच्या तोंडी पांडवलेणी. डोंगराच्या कमरेला एका ओळीत चोवीस लेणी आहेत. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवीसनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ती कोरली गेली, पुढे सहाव्या शतकाच्या आसपास महायान काळात काहींत बुद्धमूर्तींची भर पडली. पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्यात, टाकी भरून वाहताहेत. या टाक्यांचं पाणी इतक्या शतकांनंतरही साठतं, कारण कोरणाऱ्यांनी डोंगराचा उतार आणि खडकाच्या शिरा नीट पाहिल्या होत्या. वर चढताना मी मुलांना पाण्याची वाट बघायला सांगते, खोदलेले पन्हळ कुठून कुठे जातात ते.

आधी अक्षरं. लेख ब्राह्मीत आहेत, भाषा प्राकृत. बऱ्याच लेखांचा पहिला शब्द एकच, सिधं. तो एकदा डोळ्यांत बसला की दगडावर लेख कुठे सुरू होतो हे लांबून कळतं. विजेरी समोरून मारायची नाही, भिंतीला लावून आडवी धरायची. मग खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि जे सपाट वाटत होतं ते उठून दिसतं. हात लावायचा नाही. मुलं एकेक अक्षर जोडत वाचू लागली आणि पुढचा दीड तास मला फारसं बोलावं लागलं नाही.

एकोणिसाव्या लेण्यातला लेख इथला फार जुना. सातवाहन कुळातला कण्ह म्हणजे कृष्ण राजा असताना नाशिकच्या महामात्राने, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. लेख एवढाच. पण त्यात गावाचं नाव आहे. मधल्या काळात मोगलांनी गावाचं गुलशनाबाद केलं, पेशव्यांनी पुन्हा नाशिक केलं. ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या यादीतही ते नासिका म्हणून आहे. आपण आज पत्त्यावर लिहितो ते नाव या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वी होतं, हे कळल्यावर मुलं क्षणभर वळून खाली पसरलेल्या शहराकडे बघतात.

मग दहावं लेणं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा. त्याच्या दानांची यादी थक्क करणारी आहे. तीन लाख गाई, देवाब्राह्मणांना सोळा गावं, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौकोनी विश्रामगृहं, पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा. पण मला यादीपेक्षा त्याचा हिशेब जास्त आवडतो. बेचाळिसाव्या वर्षी त्याने संघासाठी तीन हजार कार्षापण ठेवले. कुठे? नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे. दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी.

मुलांना सांगितलं, गणित करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. भागिले वीस. बारा. नेमकं जुळलं. दगडावरचा हिशेब एका पैशाने चुकत नाही हे पाहून वर्गात कधी फळ्याकडे न बघणारा एक मुलगा पुन्हा पुन्हा आकडे मांडत होता. आणि हा व्यवहार झाला कसा, तेही लिहिलंय. निगमसभेत वाचून दाखवला, मग नोंदणीच्या फलकावर चढवला. म्हणजे त्या काळच्या गोवर्धनात विणकरांच्या संघटनेवर राजाच्या जावयाचा एवढा विश्वास होता, की त्याने कायमची ठेव त्यांच्या हाती दिली. त्याची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी, तिने दिलेल्या खोलीचाही लेख इथेच आहे.

पुढे तिसरं लेणं, दर्शनी भागाला खाली बलदंड गण जणू सगळा मजला खांद्यावर घेऊन उभे आहेत. इथे गौतमी बलश्रीचा लेख. गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं संघाला दिलं आणि लेखात मुलाचं वर्णन केलं. शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा वंश समूळ संपवणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. मेलेल्या मुलाबद्दल आईने केलेलं हे लिखाण आहे, आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचा तो एक मोठा आधार आहे. क्षहरातांचा पाडाव खरोखर किती पुरा होता, याचा पुरावा सिन्नरजवळच्या जोगलटेंभीत सापडला. 1906 मध्ये तिथे नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारला होता. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं नाव.

याच लेण्यात मला सर्वांत जिवंत वाटणारा लेख आहे. अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला हुकूम दिला, की पूर्वी उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावं. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्याकडून नव्या अमात्याला, सामकाला, दुसरा हुकूम. दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गाव ओस पडलंय, तेव्हा नगराच्या सीमेवरची सरकारी जमीन त्यांना द्या, शंभर निवर्तनं. सरकारने दिलेलं कागदावर राहिलं, भिक्षूंनी गाऱ्हाणं मांडलं, सरकारने ते ऐकलं आणि बदल करून पुन्हा दगडावर घातलं. मुलं हसली, कारण त्यांच्या घरीही सातबाऱ्यावरून अशीच चर्चा चालते.

आणि मग आठवं लेणं. त्या मुलाला पुढे बोलावलं, विजेरी त्याच्या हातात दिली. छोटासा लेख. दासक मुगुदास याचं, त्याच्या परिवारासह, हे लेणं दान आहे. दासक म्हणजे कोळी, मासे धरणारा. त्याने लेणं दिलं आणि त्याचं नाव राजांच्या नावांच्या ओळीत, तशाच अक्षरांत, तशाच खडकावर कोरलं गेलं. पुढे सतराव्या लेण्यात यवन इंद्राग्निदत्त आहे, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, धर्मदेवाचा मुलगा. अठराव्या चैत्यगृहात नाशिकच्या धंभिक गावाने दिलेलं दान आहे, म्हणजे अख्ख्या गावाने. विसाव्यात बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेलं आणि कित्येक वर्षं अर्धवट पडलेलं काम सेनापती भवगोपाची बायको वासू हिने पुरं केलं. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली.

तो मुलगा मुगुदासाचं नाव परत परत वाचत होता. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मी दिलं नाही. या डोंगरावर एका कोळ्याला जागा होती, आणि अठराशे वर्षांनी याच गावातल्या दाराशी माणसांना अडवलं गेलं, ही दोन्ही पानं एकाच वहीतली आहेत. एक वाचून दुसरं झाकायचं, असं वाटाड्याने करू नये.

दीड

लेण्यांखालच्या झाडीत डबे उघडले. एका मुलीचा भाऊ चीनमध्ये शिकायला होता, तिने शीआनच्या शिलालेखांच्या वनाबद्दल विचारलं. 1087 पासून तिथे कोरलेल्या शिळा एका आवारात गोळा करून ठेवल्यात, अभिजात ग्रंथ, राजाज्ञा, सुलेखनाचे नमुने. जुन्या शहराची आठवण तिथे एका छपराखाली आणली गेली. आपल्याकडे ती जिथे कोरली तिथेच उघड्यावर आहे. दोन्हींचे फायदे-तोटे आहेत. तिथे पाऊस लागत नाही. इथे लेख, खोली, पाण्याचं टाकं आणि समोरचं गाव एकत्र वाचता येतं.

त्याच शीआनहून, तेव्हाच्या चांगआनहून निघालेला ह्युएन त्संग 641 च्या सुमारास महाराष्ट्रात होता. पुलकेशीच्या राज्यातली माणसं ताठ, उपकाराला जागणारी आणि अपमान न विसरणारी, असं त्याने लिहिलंय. त्याने वर्णन केलेली राजधानी म्हणजे नाशिक असावं, असं इतिहास-अभ्यासक फ्लीट यांचं मत होतं. सगळे विद्वान ते मानत नाहीत. पण तो इथे आला असेल, तर हे लेख तेव्हाच पाचशे वर्षांचे जुने होते.

साडेतीन

सार्वजनिक वाचनालय. नाशिककर त्याला सावाना म्हणतात. 1840 मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणून सुरू झालेलं हे महाराष्ट्रातल्या जुन्या वाचनालयांपैकी एक. इथे मुलांसमोर दोन पुस्तकं उघडते. एक 1883 चं नाशिकचं गॅझेटियर, ज्यातला पांडवलेण्यांवरचा भाग पंडित भगवानलाल इंद्रजींनी तयार केला. दुसरं मिराशींचं सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचं मराठी पुस्तक, मूळ लेखांसह. सकाळी विजेरीने पाहिलेल्या ओळी छापील पानावर भेटल्या, की मुलं एकमेकांना बोटाने दाखवतात. फार वेळ इथे घालवता येत नाही, दिवस उतरायच्या आत गढी गाठायचीय.

पाच

काझीची गढी, जुनी मातीची गढी. गोदावरीच्या काठावरचा हा उंचवटा म्हणजे एकावर एक बसलेली नाशिकं. 1950-51 मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. तळाशी ताम्रपाषाण युगातली वस्ती निघाली, वर सातवाहनकाळ, त्याच्याही वर मुसलमानी आणि मराठा काळातली खापरं. त्याच मोहिमेत प्रवरेकाठच्या जोर्व्याचं उत्खनन झालं, आणि त्या गावाचं नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळालं. जगभरातल्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आज ते नाव आहे.

गढीची कड दर पावसाळ्यात ढासळते. वर घरं आहेत, माणसं राहतात, पावसाळा आला की स्थलांतराची चर्चा होते आणि पाऊस सरला की विरते. एका आजींनी आम्हाला कडेपासून मागे व्हायला सांगितलं. त्यांचं घर कडेपासून चार पावलांवर आहे. पायाखालची मातीच सरकतेय, अशा वेळी खापरांबद्दल बोलणं मला जड जातं. तरी बोलते, कारण ही माणसं सुरक्षित झाली तरच गढीही सुरक्षित होईल. दोन्ही गोष्टी एकाच संरक्षक भिंतीने वाचणार आहेत. मुलांना सांगितलं, पडलेलं खापर उचलायचं नाही. थरातून निघालेला तुकडा आपलं वय विसरतो.

साडेसहा

तांबट लेन. तिकडे जाताना तिवंधा चौकातली रहाड ओलांडली. पेशवाईपासूनचे हे रंगाचे हौद वर्षभर लाकडं आणि मातीखाली बंद असतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, फुलापानांचा रंग उकळून भरतात आणि लोक आत धप्पा मारतात. तिवंध्याची पिवळी, शनि चौकातली गुलाबी. आज वरून गाड्या जातात. मुलांना माहीत नव्हतं की ते नेमके तिच्यावर उभे आहेत.

तांबटकाकांच्या दुकानात मठारकाम चालू होतं. तांब्याच्या घंगाळाला आतून आधार देऊन बाहेरून हातोडीचे एकसारखे ठोके. ठोक्याने पत्रा कडक होतो आणि प्रकाश धरतो. त्यांच्या लहानपणी या गल्लीत दोन माणसांना बोलायचं तर ओरडावं लागे. आता ठोके मोजके राहिलेत. पण तांब्याच्या भांड्यांना पुन्हा गिऱ्हाईक येतंय, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं.

एक बाई नवा पितळी डबा घेऊन आल्या, भाचीच्या लग्नाचा. नाव घालायचं होतं. काका म्हणाले, "पूर्वी छिन्नीने टिंबटिंब घालायचो, आता मशीन आहे. पण अक्षर माझंच." त्यांनी घातलं. कुणाला, कुणाकडून, तारीख. घरोघरच्या फडताळांत अशी भांडी आहेत, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाव, साल. दिवसभर दगडावर आणि कागदावर जे वाचलं, तेच आता पितळेवर उमटत होतं. मुलांना काही सांगावं लागलं नाही. एकाने काकांना विचारलं, की घरी आजीचा तांब्या आहे, त्यावरचं नाव पुसट झालंय, परत उजळून मिळेल का. काका म्हणाले, "घेऊन ये. पण आधी तिला विचार, तिला तसंच हवं असेल."

रात्री नऊ

सिंहस्थात लावायच्या माहितीच्या पाट्यांचा मजकूर लिहायला बसले. असे मजकूर नेहमी राजांपासून सुरू होतात. मी पांडवलेण्यांच्या पाटीची सुरुवात अशी केली: इथलं एक लेणं मुगुदास नावाच्या कोळ्याने आपल्या परिवारासह दान दिलं. मग विणकरांच्या दोन श्रेणी, मग विष्णुदत्ता, मग उषवदात आणि सातकर्णी. काळाराम मंदिराच्या पाटीवर ओढेकरांनंतर 2 मार्च 1930 ठळक अक्षरांत, सत्याग्रहींसह. पाटी मान्य करणाऱ्यांना हा क्रम पटेल की नाही, याची वाट बघायची. नाही पटला तर भेटून ते लेख वाचून दाखवायचे.

गढीची पाटी अजून कोरी आहे. तिथे काय लिहावं हे आजींना विचारूनच ठरवायचं, म्हणून उद्या उघडीप मिळाली की सकाळी तिकडे.